आर्चबिशपांना पत्र लिहायचंय? आधी ते कुणाच्या टेबलावर जाणार ते बघा

प्रश्न असा आहे: "मी अंबड तालुक्यातला. आमचं घर आजोबांपासून कॅथलिक. होणारी बायको हिंदू आहे, तिच्या घरचीही संमती आहे. आमचे फादर म्हणाले, बिशपांची परवानगी लागेल, थोडे दिवस जातील. माझे चुलते म्हणतात, बिशपांपेक्षा आर्चबिशप मोठे, थेट नागपूरला अर्ज टाक, चुटकीसरशी काम होईल. आर्चबिशप अशी पत्रं वाचतात का? आणि त्यांचं रोजचं काम नेमकं असतं तरी काय?"

आधी तुमच्या कामाचं सांगतो. अर्ज नागपूरला टाकू नका. टाकलात तर तो वाचला जाईल, आवक नोंदवहीत चढेल आणि 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' अशा एका ओळीच्या पत्रासोबत छत्रपती संभाजीनगरच्या बिशप हाऊसला येईल. तिथून तो तुमच्या फादरांकडे जाईल, कारण त्यांनी भरलेल्या फॉर्मशिवाय त्यावर पुढं काही होत नाही. म्हणजे चार-सहा आठवडे घालवून कागद पुन्हा तुमच्याच गावात.

मी नोकरीची बहुतेक वर्षं बिशपांच्या कार्यालयात चिटणीस आणि नोटरी म्हणून काढली. धर्मगुरू नाही, प्रापंचिक माणूस आहे. टपाल फोडणं, नोंदवणं, उत्तरांचे मसुदे करणं आणि बिशपांच्या सहीखाली नोटरी म्हणून सही करणं हे माझं काम होतं. वाट चुकलेली पत्रं त्या टेबलावर रोजच यायची आणि बहुतेकांच्या मुळाशी तुमच्या चुलत्यांचाच समज असायचा.

तो समज येतो कुठून हेही कळतं. आपल्याकडे तलाठ्यानं अडवलं की तहसीलदार, तहसीलदारानं अडवलं की कलेक्टर, त्याच्या वर विभागीय आयुक्त. हीच उतरंड लोक चर्चला लावतात: फादर, बिशप, आर्चबिशप, कार्डिनल, पोप. फादर आणि बिशप इथपर्यंत ते बरोबर आहे. त्यापुढं हिशेब चुकतो. बिशप आपल्या धर्मप्रांतापुरते, म्हणजे आपल्या हद्दीतल्या चर्चांपुरते, पूर्ण अधिकारी असतात आणि ते थेट पोपना उत्तरदायी असतात. शेजारच्या आर्चबिशपांचा हुकूम त्यांच्यावर चालत नाही. कार्डिनल ही तर प्रशासनाची पायरीच नव्हे. तो पोपनी दिलेला मान आहे, आणि ऐंशीच्या आतल्या कार्डिनलांना नवे पोप निवडण्याचा अधिकार असतो, एवढंच.

मराठवाड्यात आर्चबिशप नाहीत. १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून औरंगाबाद धर्मप्रांत वेगळा निघाला, तोच आपला. नागपूर हा धर्मप्रांत १८८७ चा, तो १९५३ मध्ये महाधर्मप्रांत, म्हणजे आर्चबिशपांचा धर्मप्रांत, झाला. अमरावती आणि औरंगाबाद हे नागपूरच्या प्रांतात, म्हणजे धर्मप्रांतांच्या गटात, मोडतात, म्हणून नागपूरचे आर्चबिशप हे आपले मेट्रोपॉलिटन, म्हणजे प्रांताचे प्रमुख. स्वतःच्या महाधर्मप्रांतात ते जे रोज करतात, तेच संभाजीनगरचे बिशप आपल्या धर्मप्रांतात करतात. दोघांच्या टेबलावरचे कागद समोरासमोर ठेवले तर नऊ दशांश सारखे निघतील. फरक आहे तो उरलेल्या एका भागात.

तो भाग १९८३ च्या धर्मसंहितेत, म्हणजे कॅनन लॉमध्ये, ४३६ व्या कॅननमध्ये, म्हणजे कलमात, दिला आहे, आणि तो वाचला की लोकांचा हिरमोड होतो. प्रांतातल्या धर्मप्रांतांत श्रद्धा आणि शिस्त नीट पाळली जाते ना हे मेट्रोपॉलिटननी पाहायचं आणि गैर दिसलं तर पोपना कळवायचं. एखाद्या बिशपांनी आपल्या धर्मप्रांताची पाहणी करायचीच सोडली, तर रोमची मान्यता घेऊन ती स्वतः करायची. बिशपांची जागा रिकामी झाली आणि तिथल्या सल्लागार धर्मगुरूंनी आठ दिवसांत प्रशासक निवडला नाही, तर तो नेमायचा. याखेरीज कारभाराचा दुसरा कोणताही अधिकार त्यांना दुसऱ्या धर्मप्रांतात नाही, असं तो कॅनन स्पष्टच सांगतो. ते आपल्याकडे येऊन कुठल्याही चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, अर्पण करू शकतात. फक्त कॅथेड्रलमध्ये, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चमध्ये, करायची असेल तर आपल्या बिशपांना आधी कळवावं लागतं.

याला दोन गोष्टी जोडा. एक, विवाह रद्दबातल ठरवण्याच्या खटल्यात धर्मप्रांताच्या न्यायालयाच्या निकालावर कुणी अपील केलं, तर नियमाप्रमाणे ते मेट्रोपॉलिटन न्यायालयात जातं. दुसरी जास्त गंभीर. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लैंगिक अत्याचाराच्या आणि तो दडपण्याच्या तक्रारींसाठी नवा कायदा केला आणि २०२३ मध्ये तो कायमचा केला. त्यानुसार तक्रार खुद्द एखाद्या बिशपांविरुद्ध असेल तर रोमच्या आदेशावरून प्राथमिक चौकशी साधारणपणे मेट्रोपॉलिटन करतात. म्हणून मी कायम सांगत आलो: बदलीची, जमिनीची, शाळाप्रवेशाची पत्रं नागपूरला पाठवू नका, पण असं काही असेल तर जरूर पाठवा, आणि पोलिसांकडेही जा. चर्चची चौकशी ही पोलीस तपासाच्या जागी नसते.

बिशपांचा एखादा लेखी निर्णय अन्यायाचा वाटला तर? तेव्हाही वाट नागपूरहून जात नाही. आधी त्याच बिशपांकडे दहा दिवसांत लेखी फेरविचार मागायचा, आणि तिथं दाद लागली नाही तर पंधरा दिवसांत रोमच्या संबंधित खात्याकडे जायचं. हे मी फोनवर कितीतरी जणांना समजावलं असेल. निम्मे लोक 'रोम' शब्द ऐकूनच फोन ठेवायचे.

आता रोजचं काम. लोकांच्या डोळ्यांसमोर उभी टोपी, हातात दंड, मागं धुपाचा धूर असं चित्र असतं. ते रविवारचं आणि सणांचं. एरवी सकाळची प्रार्थना आणि मिस्सा झाली, नाश्ता झाला की बिशप असोत की आर्चबिशप, खुर्चीत बसून कागद वाचणारा माणूस असतो. धार्मिक कर्तव्यांपैकी एक मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं: दर रविवारी आणि बंधनकारक सणांना त्यांना एक मिस्सा आपल्या धर्मप्रांतातल्या लोकांसाठीच अर्पण करावी लागते. तिच्यासाठी कुणाकडून दक्षिणा घेता येत नाही.

टपाल आलं की माझं पहिलं काम ढीग दोन करायचं. एक, न फोडता आत जाणारी पाकिटं: 'व्यक्तिगत' लिहिलेली, धर्मगुरूंनी स्वतःच्या हातानं बंद केलेली, आणि दिल्लीच्या चाणक्यपुरीतून, पोपच्या राजदूतांकडून आलेली. या राजदूतांना नन्सिओ म्हणतात. बाकीची फोडायची, मागं पाकीट टाचणीनं लावायचं (टपालाच्या शिक्क्याची तारीख कधीकधी फार उपयोगी पडते), आवक क्रमांक टाकायचा आणि विषयवार फायलीत घालायचं. विवाहाच्या फायली चॅन्सलरकडे (दफ्तराचे प्रमुख), पैशाच्या वित्ताधिकाऱ्यांकडे, खटल्याच्या न्यायालयीन व्हिकरकडे (चर्चच्या न्यायालयाचे प्रमुख), शाळांच्या शिक्षण विभागाकडे. व्हिकर जनरल हे बिशपांचे उजवे हात. कारभारातले पुष्कळ निर्णय तेही देऊ शकतात. त्यामुळं तुमच्या पत्राला आलेल्या उत्तरावर बिशपांची सही नसेल तर मनाला लावून घेऊ नका. आता ईमेल आणि व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफ आल्या तरी पद्धत तीच आहे; फक्त माणसं संध्याकाळीच 'साहेब, काय झालं?' म्हणून विचारायला लागतात.

काय काय येतं त्यात? एप्रिल-मेमध्ये धर्मगुरूंच्या बदल्या. 'आमच्या फादरांना हलवू नका' आणि 'आमच्या फादरांना आधी हलवा' अशी दोन्ही पत्रं एकाच गावातून, कधी एकाच घरातून. सिस्टरांच्या बदलीबद्दल बिशपांना लिहिणं बहुतेक वेळा वाया जातं, कारण त्यांच्या बदल्या त्यांच्या संस्थेच्या प्रमुख करतात. फादर एखाद्या संन्यस्त संघाचे असले तर त्यांनाही नेमतात किंवा परत बोलावतात ते त्यांच्या प्रोव्हिन्शियलशी, म्हणजे संघाच्या विभागप्रमुखांशी, पत्रव्यवहार करूनच. जूनमध्ये शाळाप्रवेशाच्या शिफारशी. आमदारांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांच्या. नोव्हेंबरपासून नाताळच्या निमंत्रणांचा पाऊस. आणि वर्षभर मदतीचे अर्ज: दवाखाना, मुलीची फी, विहीर, बोअर. आपल्याकडं पाऊस पाठ फिरवतो त्या वर्षी पाण्याच्या पत्रांचा गठ्ठा इतर सगळ्यांपेक्षा जाड होतो.

बिशप स्वतः बसून उत्तर लिहितात ती पत्रं वेगळी. एखाद्या धर्मगुरूचे वडील गेले, कुणाला कर्करोगाचं निदान झालं, कुणी तरुण फादर मन उदास झालंय असं आडून आडून लिहितो. तिथं मसुदा आम्ही करत नसू. अशा दोन ओळींना बिशपांचा अर्धा तास जाई आणि मी बाहेर फायली घेऊन ताटकळत बसे. ते योग्यच होतं.

मुलांची पत्रंही येतात. दृढीकरणाचा (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा) संस्कार घेणाऱ्या मुलांनी बिशपांना पत्र लिहायची पद्धत काही गावांत आहे. त्यातली बरीच फळ्यावरून उतरवून घेतलेली असतात हे ओळखू येतं. पण बीडकडच्या एका मुलीनं वहीच्या फाडलेल्या पानावर सरळ लिहिलं होतं की संस्कार दिवाळीआधी ठेवा, नंतर आई-बाबा तोडीला जाणार, मी आजीकडं राहणार आणि तेव्हा माझ्यामागं कुणी उभं राहणार नाही. ते पान फाइलला न लावता बिशपांनी आपल्या डायरीत ठेवलं. आमच्या भागात दृढीकरणाची तारीख ठरवताना साखर कारखान्याचा हंगाम बघावा लागतो. हंगाम सुरू झाला की ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून अर्धं गाव ऊसतोडीला बाहेर, ते उन्हाळ्यातच परत. लग्नाच्या घोषणा चर्चमध्ये वाचायच्या तर ऐकायला माणसं हवीत ना.

ही झाली पत्रं. फर्मान ही वेगळी चीज. धर्मगुरूची नेमणूक, नव्या चर्चच्या बांधकामाची परवानगी, तुमच्यासारख्यांना लग्नासाठी दिलेलं डिस्पेन्सेशन (नियमातून सूट), हे सगळे कायदेशीर परिणाम असलेले कागद. त्यांवर अधिकाऱ्याची सही नसेल तर ते अवैध. शिवाय त्याच वेळी चॅन्सलर किंवा नोटरीची सही लागते. माझी दुसरी सही म्हणजे हीच. धर्मगुरूच्या अब्रूचा प्रश्न असेल त्या प्रकरणात मात्र नोटरी धर्मगुरूच असावा लागतो, तेव्हा मला बाहेर बसवत. फर्मानाच्या प्रती तीन: एक ज्याचा त्याला, एक धर्मग्रामाला (गावच्या चर्चला), एक आमच्या दफ्तराला. क्रमांक आणि साल टाकून, कोपऱ्यात उठावाचा शिक्का दाबून. त्या शिक्क्याचा दांडा जड होता; लग्नसराईत मनगट भरून यायचं.

पत्र कुणाचं आहे हे वरच्या चिन्हावरूनही ओळखता येतं. ढालीवर हिरवी रुंद टोपी असते, तिच्या दोन्ही बाजूंना गोंडे लोंबतात. सहा-सहा असले तर बिशप, दहा-दहा असले तर आर्चबिशप. ढालीमागच्या क्रुसाला दोन आडव्या पट्ट्या असल्या तरीही आर्चबिशपच. सहीआधी दोघेही छोटा क्रूस काढतात. मेट्रोपॉलिटनचं आणखी एक लक्षण म्हणजे मिस्सेच्या वेळी खांद्यावर येणारी पांढऱ्या लोकरीची पट्टी, पॅलियम. नेमणूक झाल्यावर तीन महिन्यांच्या आत ती रोमकडे मागावी लागते आणि आपल्या प्रांतातच घालता येते. म्हणजे नागपूरचे आर्चबिशप संभाजीनगरला ती घालू शकतात, मुंबईला नाही. माझ्या मते ही पट्टी सगळं सांगून जाते: मान आहे, सीमा ठरलेली आहे आणि हुकमाचा भाग फार थोडा आहे.

चाणक्यपुरीच्या पाकिटांचं काय, हे लोक हमखास विचारतात. त्यातला मजकूर मी कधी पाहिला नाही, पण पद्धत सांगता येते, ती धर्मसंहितेतच आहे. प्रांतातल्या बिशपांनी निदान तीन वर्षांतून एकदा बिशपपदाला योग्य अशा धर्मगुरूंची यादी गुप्तपणे करून रोमला कळवायची असते. जागा रिकामी झाली की नन्सिओ चौकशी करून तीन नावं पाठवतात. त्यासाठी ते मेट्रोपॉलिटनचं आणि प्रांतातल्या बिशपांचं मत विचारतात, आणि काही धर्मगुरूंचंही. हा पत्रव्यवहार सर्वांत कडक गुप्ततेचा. 'आमच्या अमुक फादरांना बिशप करा' अशी सह्यांची मोहीम कृपया काढू नका. त्या फादरांचं नुकसान होण्याचीच शक्यता जास्त.

रोमशी चालणारा दुसरा मोठा व्यवहार दर पाच वर्षांचा. धर्मप्रांताचा सविस्तर अहवाल पाठवायचा आणि रोमला जाऊन संत पेत्र आणि संत पौल यांच्या समाधींचं दर्शन घेऊन पोपना भेटायचं. अहवालात बाप्तिस्मे, विवाह, धर्मगुरू, शाळा, पैसा, सगळं येतं. तो तयार होत असताना बिशप हाऊसमध्ये जेवणाच्या टेबलावरही आकडेच वाढले जातात. शिवाय धर्मप्रांत सोडून वर्षभरात मिळून महिन्याहून जास्त राहायचं नाही, असा बिशपांवर निर्बंध आहे. रोमची भेट आणि परिषदांचे दिवस त्यात धरत नाहीत. पंचाहत्तरी झाली की राजीनामा पोपकडे पाठवायचा. तो कधी स्वीकारायचा हे पोप ठरवतात.

सरकारी टपाल हा सर्वांत रुक्ष आणि सर्वांत वेळखाऊ भाग. धर्मप्रांताच्या मालमत्ता न्यासाच्या नावावर असतात, म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू. विश्वस्त बदलला की बदल अर्ज. जमीन विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानं द्यायची तरी तेच. आणि चर्चची स्वतःची मंजुरी निराळी: वित्त समिती, सल्लागार मंडळ, ठरावीक रकमेच्या वर गेलं तर रोम. लोकांना वाटतं बिशपांनी मनात आणलं की प्लॉट विकला. बिशपांना या बाबतीत गावच्या शेतकऱ्याइतकीही मोकळीक नाही. परदेशी देणगी यायची तर २०१० चा कायदा आहे आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते.

मराठवाड्यात जमिनीची फाइल म्हटली की अंगावर काटा येतो, आणि त्याला इतिहास कारण आहे. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात. जुने कागद उर्दूत, काही मोडीत. पुढं १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, मग सातबारा. त्यात वैजापूरकडं घोगरगावसारख्या जुन्या मिशनमध्ये काम करणारे संत फ्रान्सिस द सेल्स संघाचे फादर फ्रान्सच्या बाजूचे, त्यांच्या नोंदी लॅटिनमध्ये. एकाच शेताबद्दलचे चार लिप्यांमधले कागद एका टेबलावर पसरलेले मी पाहिले आहेत. उर्दू वाचणारे जुने वकील गेल्यापासून अशा फायली आणखी रेंगाळतात.

यापेक्षाही नाजूक टपाल असतं दाखल्यांचं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो नाही. त्यामुळं आपल्याकडच्या पुष्कळ घरांत बाप्तिस्म्याच्या वहीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव, दुसरा धर्म. मग पत्रं येतात: 'आमच्या मुलाची नोंद कुणाला दाखवू नका', 'आमच्या वडिलांची नोंद आहे का ते कळवा', कधी तर 'नोंद खोडून टाका'. वही खोडता येत नाही. फार तर समासात टिपण करता येतं. पण ती कुणाच्याही हाती देता येत नाही हेही खरं. दर वर्षी १० ऑगस्टला चर्च या आदेशाच्या निषेधाचा दिवस पाळतं, त्याचं परिपत्रक निघतं. २०२२ मध्ये केंद्रानं या प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोगही नेमला. परिपत्रक काढणं सोपं असतं. ज्याच्या नोकरीचा प्रश्न आहे अशा माणसाला खरं आणि सांभाळून उत्तर लिहिणं हे त्या टेबलावरचं सर्वांत अवघड काम आहे, असं माझं स्वच्छ मत आहे.

दफ्तर कुलपात असतं. किल्ली बिशप आणि चॅन्सलर या दोघांकडेच. त्याशिवाय एक गुप्त कपाट असतं, त्याची किल्ली फक्त बिशपांकडे. मी इतकी वर्षं तिथं होतो, ते कपाट उघडताना कधी पाहिलं नाही.

खेड्यांची भेट हा कामाचा असा भाग आहे की जो टेबलावर होत नाही. दर पाच वर्षांत निदान एकदा सगळा धर्मप्रांत फिरून झाला पाहिजे असा नियम आहे. नांदेड, लातूर, धाराशिव, बीड अशी अंतरं पाहिली की त्याचा अर्थ कळतो. गावात हलगी वाजते, बायका ओवाळतात, शाल-नारळ होतो, सरपंचांचं भाषण लांबतं. पण बिशपांसोबत गेलेला आमच्यासारखा माणूस तेव्हा पडवीत बसून वह्या तपासत असतो: बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू. लग्न झाल्याची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत परत चढवली आहे का, हे मी पहिल्यांदा बघत असे. ती नसली की माणूस कागदोपत्री अविवाहितच राहतो आणि वीस वर्षांनी त्याचा त्रास कुणाला तरी होतो. शेवटी वहीत बिशप सही करतात. मग जेवण, मग लोकांची गाऱ्हाणी. निम्मं टपाल तिथंच हातोहात मिळतं, घडी घातलेल्या कागदांत.

आता तुमच्या लग्नाकडे येतो.

कॅथलिक आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांचं लग्न चर्चच्या दृष्टीनं डिस्पेन्सेशनशिवाय ग्राह्य होत नाही. ते तुमच्या बिशपांच्या अधिकारातलं आहे आणि व्हिकर जनरलही देऊ शकतात. अर्ज तुम्ही पाठवायचा नसतो, फादर पाठवतात. तुम्ही त्यांना कागद पुरवायचे. तुमच्या बाप्तिस्म्याचा दाखला नव्यानं काढा, सहा महिन्यांच्या आतला. घरातल्या ट्रंकेतला जुना चालत नाही, कारण समासातली ताजी टिपणं त्यावर नसतात. बाप्तिस्मा अंबडला झाला नसेल, आई बाळंतपणाला माहेरी गेली होती तिथं झाला असेल, तर दाखला तिथल्या चर्चमधून आणावा लागेल. वहीत पीटर आणि आधारवर प्रकाश असा प्रकार असेल तर दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. फायली अडकतात त्या बहुतेक इथंच. दोघंही अविवाहित असल्याचं सांगणारे साक्षीदार, वयाचे पुरावे, विवाहपूर्व शिबिराचं प्रमाणपत्र, हे फादर सांगतीलच.

एक वचन तुम्हाला लिहून द्यावं लागेल: आपली श्रद्धा जपीन आणि मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा म्हणून मला शक्य ते सगळं करीन. त्या मुलीकडून असं वचन घेत नाहीत. तुम्ही असं वचन दिलंय हे तिला सांगितलं गेलं पाहिजे, एवढंच. तिनं धर्म बदलावा अशी अट नाही. हे तिच्या वडिलांना तुम्ही नाही तर फादरांनी समोर बसवून सांगितलेलं बरं; पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

लग्न चर्चमध्ये फादरांसमोर झालं तर १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू होतो. दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी पुरतं. बिशपांनी ठरवून दिलेल्या नमुन्यात त्याची नोंद होते आणि दर तीन महिन्यांनी त्या नोंदी सरकारच्या निबंधकांकडे जातात. तिच्या घरच्यांना चर्च नको असेल आणि तुम्ही १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी कार्यालयात लग्न करणार असाल, तर त्याची तीस दिवसांची नोटीस वेगळी, आणि बिशपांकडे मागायची परवानगीही वेगळी: चर्चच्या विधीबाहेर लग्न करण्याची सूट. फॉर्म भरण्याआधी फादरांना यातलं काय करणार ते पक्कं सांगा. अर्धवट सांगितलं की एकदा मंजूर होऊन आलेला कागद पुन्हा पाठवावा लागतो.

कागद पूर्ण असले तर बिशप हाऊसमध्ये अशा फायलीला फार दिवस लागत नाहीत. लग्नसराईत आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या आसपास मात्र लागतात, कारण तेव्हा सगळेच धावत असतात. पंधरा दिवसांत काही कळलं नाही तर फादरांकडून जावक क्रमांक आणि तारीख घ्या आणि चॅन्सलरच्या कार्यालयात फोन करा. सकाळी साडेदहानंतर, टपाल लावून झालेलं असतं. क्रमांक सांगितलात की फाइल दोन मिनिटांत हाती येते. नुसतं 'अंबडचं लग्न' म्हणालात तर समोरचा माणूस विचारेल, कुठलं? आणि पत्रिका छापायला ते फर्मान फादरांच्या हातात पडल्यावरच टाका. चुलत्यांना फार घाई झाली असेल तर त्यांना तोवर नागपूरला नाही, तुमच्या बाप्तिस्म्याच्या गावाला दाखला आणायला पाठवा.